मनोगताचा नमुना

भाद्रपद संपत आला, की आमच्याकडचा पाऊस धड जातही नाही आणि धड पडतही नाही. गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिवसभर आत-बाहेर करावे लागतात. गावाकडं उडीद निघालेला असतो, सोयाबीन पिवळं पडू लागलेलं असतं, आणि नांदेडच्या ज्या भागात मी राहते तिथल्या शिकवणीवर्गांत सहामाहीचे पेपर सुरू झालेले असतात. गणपती बोळवून आलेल्या लोकांना या दिवसांत घर रिकामं वाटतं म्हणतात. मला या दिवसांची भीती वाटते. चाळिशी आली, पोरं माझ्या उंचीला लागली, तरी दरवर्षी न चुकता वाटते.

भूकंप आणि निबंध या दोन गोष्टी माझ्या आयुष्यात एकाच ऋतूत आल्या. पुढं त्या एकमेकींत अशा गुंतल्या, की एकीला ओढलं तर दुसरी हातात येते. हे कुणाला सांगितलं तर हसायचे. निबंधाला कोण घाबरतं? मी घाबरते. कोरा कागद समोर आला की मी पेनाला टोपण लावते, आणि पोट मात्र भरते ते लोकांच्या पोरांना लिहायला शिकवून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तो भूकंप आमच्या अहमदपूरचा नव्हता. जे व्हायचं ते तिकडं, लातूरच्या खालच्या अंगाच्या गावांत झालं. आमच्याकडं पहाटे मांडणीवरची भांडी खाली आली, भिंतीला एक चीर गेली आणि गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली. मी तेव्हा दहावीत होते. उजाडलं तशा बातम्या येऊ लागल्या. एसटी स्टँडवरून येणारा प्रत्येक माणूस आधीच्या माणसापेक्षा मोठा आकडा सांगायचा आणि ऐकणारे म्हणायचे, "काही बी सांगायलाय." मग कळलं, की सगळे कमीच सांगत होते.

त्यानंतर गावात कुणी घरात झोपेना. मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, पटांगणात ताडपत्र्या पडल्या आणि अख्खी गल्ली तिथं राहायला गेली. एरवी ज्यांच्या उंबऱ्याच्या आत आम्ही कधी गेलो नव्हतो, त्यांच्या अंथरुणाला आमचं अंथरूण लागलं. वरून भुरभुर, खालून ओल. ओल्या गोधड्यांचा आणि रॉकेलचा वास एकमेकांत मिसळून डोक्यात बसला, तो अजून जात नाही. मध्येच कुणीतरी ओरडायचं, "हाललं, हाललं!" आणि सगळं पटांगण उठून बसायचं. काही हललेलं नसायचं. पण ओरडणाऱ्याला कुणी हसत नव्हतं, उलट त्याला पाणी द्यायचे. घाबरण्याची लाज वाटू नये असे तेवढेच दिवस मी पाहिले, आणि खरं सांगायचं तर मला पुढं त्या दिवसांचा हेवाच वाटत आला.

माझे अब्बा पिंजारी. गाद्या-रजया भरायचं आमचं छोटं दुकान होतं. त्या दिवसांत एक माणूस टेम्पोत घालून एक गादी घेऊन आला. त्याच्या बहिणीच्या घरातली, ढिगाऱ्यातून काढलेली. बहीण राहिली नव्हती. "कापूस चांगला हाय चाचा, तेवढा पिंजून द्या," तो म्हणाला, "भाच्याच्या अंगाखाली होईल." अब्बांनी गादी उसवली. धाब्याच्या छताची पांढरी माती कापसात इतकी बसली होती, की मूठभर कापूस हाताला जड लागायचा. अब्बांनी कापूस पिंजायची धनुकली उचलली, तार एकदोनदा वाजवली आणि खाली ठेवली. मग ते तो कापूस बोटांनीच उकलत बसले.

"अब्बा, ऐसे में तो बहोत दिन लगते ना," मी म्हटलं.

"लगने दे गे," ते म्हणाले. "इसकू मारने का नै होता मेरे से."

ते मला लिहावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा काही लिहावंसं वाटलं ते हे. शाळा सुरू झाल्यावर मराठीच्या सरांनी भूकंपावर निबंध आणायला सांगितला तेव्हा मी अब्बा, ती गादी आणि ती माती लिहिली. सरांनी वाचलं. मग म्हणाले, "नसीम, पोरी, मन चांगलं आहे तुझं. पण ही निबंधाची भाषा नाही. निबंधात कापूस कुठून आला?" आणि वर लाल शाईनं लिहिलं, मुद्दे नाहीत. मग त्यांनी सगळ्या वर्गाला मुद्दे सांगितले. निसर्गाचे रौद्र रूप. क्षणार्धात होत्याचे नव्हते झाले. काळाने घाला घातला. सर वाईट नव्हते. आमच्यापासून थोड्या अंतरावर त्यांचंही बिऱ्हाड पटांगणात पडलेलं होतं, आणि कुणी ओरडलं की तेही आमच्यासारखेच उठून बसायचे. पण उठून बसणारा माणूस वेगळा आणि निबंध लिहिणारा वेगळा, असं त्यांनाही कुणीतरी शिकवलेलं असणार. मी मुद्दे पाठ केले. बोर्डात मराठीला शाळेत पहिली आले. अब्बांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि तेव्हापासून मला लिहायची भीती वाटू लागली.

एम.ए.ला मी नांदेडला होते. एका मेळाव्यात मी कथा वाचली. पाहुणे म्हणून आलेले लेखक खाली उतरून माझ्यापाशी आले आणि प्रेमानं म्हणाले, "भाषा फार शुद्ध आहे हो, तुमच्या मानानं." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या, मीही हसले. ते शब्द मी घरी घेऊन आले, आणि लेखक गेले तरी ते राहिले. त्यानंतर प्रत्येक वाक्य मी दहादा हुंगून बघू लागले, घरातली दखनी बोली कुठून शिरली तर नाही ना. घरी अम्मा म्हणणारीनं कथेत आई लिहायचं की अम्मा, यावर माझी एक अख्खी कथा अडली ती अडलीच. मराठीत लिहिलं तर मी उपरी, आणि दखनीत लिहिलं तर वाचणार कोण? मग लिहिणंच सोडलं. लोकांना सांगायची, संसारातून वेळ मिळत नाही.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही लातूरला होतो. शिकवणीवर्गांना बहर आला होता. गल्लीगल्लीत वसतिगृहं, वसतिगृहाखाली खानावळ, खानावळीसमोर झेरॉक्स, आणि वर मोठमोठ्या फलकांवर गुणवंत पोरांचे टिळा लावलेले चेहरे. एसटीतून बाप उतरायचा, हातात लोखंडी पेटी, मागं घाबरलेलं पोर. तिन्हीसांजेला रस्त्यानं डबे पोचवणाऱ्या सायकलींची घाई असायची आणि प्रत्येक खिडकीतून पाठांतराचा आवाज यायचा. ज्या शहरानं एवढी माणसं मातीतून उकरलेली पाहिली, ते आता टक्के उकरत होतं. मला त्यात दहावीला मराठी शिकवायचं काम मिळालं.

शिकवणीवर्ग चालवणाऱ्या सरांनी एक दिवस बोलावून सांगितलं, "मॅडम, भूकंपग्रस्ताचे मनोगत हा विषय लई येतो. एक नमुना लिहून द्या. पोरांना पाठ होईल असा. तपासणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे, म्हणजे मार्क पडले."

लिहून दिला. एका बैठकीत, न घाबरता. त्यात माझं काहीच नव्हतं, मग भीती कशाची? त्यातल्या मुलाला किंवा मुलीला वाचवताना आई मरते. "माझ्या माऊलीने मला पदराखाली घेतले आणि कोसळणारे छत आपल्या पाठीवर झेलले. मी जगावे म्हणून तिने काळाला कवटाळले." असं सगळं. वर्गाच्या पुस्तिकेत तो छापला गेला, विनानावाचा. माझं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लिखाण तेच. वर्षामागून वर्षं पोरांनी तो पाठ केला. एका आईनं इतक्या पोरांसाठी इतक्यांदा मरावं, असं दुसरीकडं कुठं झालं नसेल.

त्या वर्गात अर्चना नावाची मुलगी होती. भूकंपातल्या गावची. भूकंपावेळी ती दीड वर्षाची होती. वडील, आजी आणि मोठा भाऊ गेले होते. आई सोजरबाई पोरीच्या शिक्षणासाठी लातूरला येऊन एका खानावळीत भाकरी करायची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण आम्ही पोरांना टक्क्यांवरून ओळखत होतो. सहामाहीत मनोगत आलं. अर्चनाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. पालकसभेला चांगले निबंध मोठ्यानं वाचायची आमच्याकडं पद्धत होती. सरांनी तिचा वाचला. पोरगी भूकंपातल्या गावची, एवढं त्यांनी फॉर्मवर पाहिलं होतं, आणि ओळी नमुन्यातल्या आहेत हे ते वाचता वाचता विसरले. आवाजात चढ-उतार आणून, माऊलीपाशी थांबून. बाया डोळ्याला पदर लावू लागल्या. सरांनी कागद खाली ठेवला, स्वतःचाही चष्मा पुसला आणि विचारलं, "या बिचाऱ्या लेकराचं घरून कुणी आलंय का?"

मागून एक बाई उभी राहिली. हाताला पीठ तसंच होतं. "मी हाय," ती म्हणाली. "तिची आई."

सर गडबडले. "म्हणजे... मावशी का?"

"सख्खी आई."

कुणीतरी फिसकन हसलं. अर्चना खाली मान घालून बसली होती. नंतर जिन्यात मी तिला गाठलं. ती रडली वगैरे नाही. मला म्हणाली, "मॅडम, नमुन्यात आईच होती ना. बदललं असतं तर ओळी मोडल्या असत्या." तिचं बरोबर होतं. नमुन्यातला शब्द हलवायचा नाही, हे मीच फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खानावळीत गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण सोजरबाईंनी बोलूच दिलं नाही. पाट सरकवला, म्हणाल्या, "बसा." भाकरी थापत थापत त्याच बोलल्या.

"पोरीला काय म्हणले न्हाई मी. परीक्षा तोंडावर हाय. पण मॅडम, ती आई लई चांगली हाय बघा तुमच्या निबंधातली. मेली नि मोठी झाली. मी काय केलं ते ऐका." तव्यावरची भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "गणपती बोळवून आलतो. माझं आन् मालकाचं भांडण झालं. म्हातारी मधी पडली, तिलाबी बोलले. मग पोरीला उचललं आन् बाहेर बैलापशी जाऊन पडले रुसून. म्हणून आम्ही वाचलो. लोक म्हणत्यात देवानं वाचवलं. देवानं कशाचं? रुसव्यानं वाचवलं. आन् कशावरून भांडलो म्हणाल तर तेबी आठवंना. लई आठवून बघितलं. तेवढं जरी आठवलं असतं तर पोरीला सांगितलं असतं."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, मोठ्या मुलाची, बाळूची. तो सहा वर्षांचा होता. दोनच वाक्यं होती ती. सांगून त्या उठल्या आणि पिठाचा डबा उगीच हलवून जागेवर ठेवला. ती दोन वाक्यं मी घेऊन घरी आले आणि कित्येक वर्षं ती मला कागदावर उतरवता आली नाहीत.

"तुम्ही लिवणाऱ्या हाव," निघताना त्या म्हणाल्या होत्या. "खरं काय झालं ते लिवून ठेवा. माझ्या तोंडून तिच्यापुढं निघायचं न्हाई. ती मोठी झाली की तिला वाचू द्या."

मी लिहिणारी नव्हते, नमुने पाडणारी होते. पण त्यांना हो म्हणाले.

त्यानंतरचे सगळे भाद्रपद मी याच कामात हरत आले. बसायची, पहिलं वाक्य लिहायची: त्या काळरात्री. खोडायची. पुन्हा लिहायची: नियतीच्या मनात काही वेगळेच होते. हात थांबायचा. जे खोडत होते ते माझंच होतं, आणि ते खोडल्यावर हाताशी काही उरतच नव्हतं. शेतकऱ्यानं एकच बी वर्षानुवर्षं पेरावं आणि दुसरं काही उगवेना म्हणून रानाला दोष द्यावा, तसं माझं झालं. वर मन विचारायचं, तुझा संबंध काय? तुझ्या घरची नुसती भांडी पडली. तुझी भाषाही तुझी नाही, दुःखही तुझं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, तू कोण सांगणारी?   कधीकधी वाटायचं सोजरबाईंना सांगून टाकावं, दुसरं कुणी बघा. पण दुसरं कुणी कोण? आणि तेही धाडस झालं नाही. आम्ही नांदेडला राहायला आलो, अब्बा गेले, दुकान गेलं. मी इथल्या वर्गात निबंध शिकवू लागले. भूकंप आता जुना झाला, पोरं पूरग्रस्ताचे मनोगत पाठ करतात. मरणारी आई तीच आहे.

यंदा पेपर तपासत बसले होते आणि सोजरबाईंचा फोन आला. "अर्चना दिवाळीला यायलीय. दिवस गेलेत तिला. मॅडम, लिवलं का?"

मी म्हणाले, "लिहितेय."

"किती वर्षं लिवायलाव," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "आता ती आई होणार. सारखी म्हणते, आई, तू मला कशी गं वाचवलीस, सांग की. काय सांगू? तुमचा निबंध सांगू?"

त्या दिवशी मी पेपर बाजूला सारले. भीती गेली नव्हती. भीती गेल्यावर लिहायचं असं ठरवून मी अर्धं आयुष्य काढलं होतं आणि ती काही जायला तयार नव्हती, मग तिला तिथंच बसू दिलं. माझी वाक्यं करायची नाहीत एवढं ठरवलं. सोजरबाई बोलल्या तसंच लिहीत गेले, हाय ला हाय आणि न्हाई ला न्हाई. शुद्ध-अशुद्ध बघितलं नाही. दोन पानं झाली. बाळूपाशी आले आणि हात थांबला. तिथून पुढं काही केल्या सरकेना.

शेवटी ती अर्धवट राहिलेली पानं पिशवीत घालून लातूरची एसटी धरली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी खिडकीची काच लावून घेतली. मोंढ्याच्या बाजूला बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरले असते आणि परत फिरले असते, माझा मला भरवसा नव्हता.

सोजरबाई आता स्वतःच्या एका खोलीत राहतात, वसतिगृहाच्या मुलींचे डबे करतात. मी वाचू लागले. पिठाचा हात तसाच मांडीवर ठेवून त्या ऐकत होत्या. दोन पानं संपली.  

"हे तर माझंच बोलणं हाय," त्या म्हणाल्या. "ह्यात तुम्ही काय लिवलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.  मग विचारलं, "पोरीनं तवा परीक्षेत हे लिवलं असतं, तर मार्क पडले असते का?"

मी तपासणारी होते. खोटं बोलता आलं नाही. "नसते पडले."

"मग बरं केलं तिनं," सोजरबाई म्हणाल्या. "मला मारलं ते."

बाहेर कुणाच्यातरी मोबाइलवर गाणं चाललं होतं. मला रडू येत होतं आणि त्यांच्यापुढं रडायचा मला हक्क नव्हता, म्हणून मी पानं नीट लावत बसले.

"पुढं वाचा की," त्या म्हणाल्या.

"पुढचं लिहिलं नाही, सोजरबाई. बाळूचं. लिहवत नाही मला."

"मला तरी कुठं सांगवत होतं?" त्या उठल्या, गॅस पेटवला, परात पुढं ओढली. "बसा तिथं भिताडाला टेकून. लिवा. मी भाकरी टाकते. पोरी डबे न्यायला येतील, तवर हून जाईल."

मी टेकून बसले. माझ्याकडं पाठ करून बसलेल्या त्या बाईकडं बघत राहिले. भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. अक्षर वाकडं येत होतं, आणि तसंच मी लिहिलं:

बाळू उंबऱ्यात आला आन् म्हणला, आई, मी बी येतो तुझ्यापशी. मी म्हणलं, जा, तुझ्या बापापशी नीज.